आमच्या घरात पांढरं चालत नाही

या निरोप समारंभाचे अध्यक्ष, माननीय प्राचार्य केशवराव. गोदाकाठ शिक्षण मंडळाचे सगळे पदाधिकारी. मंचावर ज्यांना खुर्ची मिळाली ते, आणि आपल्याला मिळायला हवी होती असं ज्यांना खाली बसून वाटतंय ते सगळे मान्यवर. मुकुंदवाडीच्या शाळेपासून सोयगावच्या वसतिगृहापर्यंत जिथं जिथं या मंडळाची पाटी लागली तिथून आलेले गुरुजन, माजी विद्यार्थी, माझ्या लेकी-सुना. आणि ज्यांच्यापायी आपण सगळे हे संभाजीनगरचं ऊन अंगावर घेऊन आलो ते सत्कारमूर्ती, मंडळाचे मावळते सचिव, माझे थोरले बंधू काकासाहेब, तुम्हा सगळ्यांना पैठणच्या मनकर्णाचा नमस्कार.

स्वरदा मॅडम फार गोड सूत्रसंचालन करतायत. त्यांनी मला बोलावलं ते 'कुटुंबाच्या वतीनं दोन शब्द' म्हणून. आता बाईमाणसाला दोन शब्द म्हणणं म्हणजे काय ते त्यांनाही माहीत आहे, त्याही बाईच आहेत. सकाळी घरी चहा घेताना काकासाहेबांनी मला बजावलं होतं, की लहानपणीचं बोल, विहिरीत पोहायला शिकवलं ते सांग, आणि जेवणाची वेळ व्हायच्या आत आवर. मी मान डोलावली. त्यांना वाटलं बहीण हो म्हणाली. मी आपली मान डोलावली होती.

एक सांगून ठेवते. यांना काकासाहेब म्हणायची माझ्या जिभेला सवय नाही. घरात ते दादा. आज मंचावर आहेत म्हणून अहो-जाहो करतेय, पण मधेच अरे-तुरे आलं तर अध्यक्षमहाराजांनी सांभाळून घ्यावं.

माझ्या आधी बोललेल्या सगळ्यांचं मी नीट कान देऊन ऐकलं. काय काय सांगितलं नाही लोकांनी! एक गुरुजी म्हणाले, काकासाहेबांचा रुबाबच वेगळा, कानापर्यंत खाली आलेला तो फेटा आणि तो काळा गॉगल, लांबून माणूस ओळखू यावा. दुसरे म्हणाले, साहेबांची दूरदृष्टी बघा, सगळीकडे शाळेला पांढरा सदरा असतो, आपल्या मंडळाच्या एकूण एक शाळेत चॉकलेटी. का? तर गरिबाच्या पोराचा सदरा मळला तरी मळलेला दिसू नये. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तिसरे म्हणाले, यंदाच्या प्रजासत्ताक दिनाला झेंड्याची दोरी हातात असताना साहेबांचे डोळे मिटले, पाय डगमगले, इतकं देशप्रेम या माणसाच्या काळजात भरलंय. त्यालाही टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या. माझ्या शेजारच्या बाईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा.

मंडळी, काळजाचा विषय निघालाच आहे तर मीही काळजाचंच बोलते.

आज दादा या मंचावर चढले ते तुम्ही सगळ्यांनी बघितलं. हार घातलेला, सनई लावलेली. मधल्या पायरीवर ते थांबले आणि वळून तुम्हाला हात केला. तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्यात. कुणाला वाटलं, माणूस एवढा मोठा झाला पण लोकांना विसरला नाही? बरोबर वाटलं, विसरला नाहीच. पण तो हात करायला थांबला नव्हता. तीन पायऱ्या आहेत त्या. तीन पायऱ्या सलग चढायचा दम त्याच्या छातीत उरलेला नाही, म्हणून तो थांबला. आणि थांबलेलं दिसू नये म्हणून त्यानं हात केला.

दादा, माझ्याकडे असं बघू नकोस. गॉगल लावलाय तरी मला कळतंय तू कसं बघतोयस.

आता थोडं मागे जाते. तुम्ही म्हणाल म्हातारी भरकटली, पण नाही, मी तिथंच येणार आहे. आमचं गाव पैठणच्या अलीकडं. आमची माय साळूबाई ही आमच्या बापाच्या मामाची मुलगी. म्हणजे मायची सासू ही तिची सख्खी आत्या. आपल्याकडं यात नवल काहीच नाही. घरातली पोरगी घरात राहिली, जमीनजुमला, मानपान सगळं जिथल्या तिथं. या सभागृहात हात वर करायला सांगितलं तर निम्मे हात वर होतील. तर त्या आमच्या घरात एक रीत होती. तान्ह्या बाळाला पांढरं लावायचं नाही. लंगोट असो, दुपटं असो, झबलं असो, जुन्या काळ्या-जांभळ्या लुगड्याचंच फाडायचं. देवीला पांढरं चालत नाही म्हणत. बाळाच्या त्या कपड्यांना साबण लावायचा नाही, नुसत्या पाण्यात खळबळायचं. आणि वाळत घालायचे ते पुढच्या अंगणात नाही, गोठ्याच्या मागं, जिथं येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर पोचत नाही तिथं.

मी लग्न होऊन पैठणला गेले, तिथं माझ्या लेकरांना पांढरी झबली घातली, काही झालं नाही. देवी काही कोपली नाही. मी म्हटलं, ती माहेरची देवी, तिचा अंमल माहेरापुरता. एवढाच विचार केला आणि सोडून दिला. माणूस रीतीवर कुठं विचार करतो? पाळतो किंवा मोडतो. अजूनही ती रीत चालू आहे बरं का. गेल्या महिन्यात आमच्या सायलीच्या, म्हणजे दादाच्या नातीच्या बाळाचं बारसं झालं. मी पांढरं शुभ्र मलमलीचं झबलं नेलं होतं. लक्ष्मीवहिनींनी, दादाच्या सौभाग्यवतींनी, ते हसून घेतलं आणि कपाटात ठेवून दिलं. वहिनी, तुमची चूक नाही. तुम्हाला सासूनं जे सांगितलं ते तुम्ही केलंत.

आता माझं. मागच्या वर्षी माझं काळजाचं ऑपरेशन झालं ते तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे, भेटायला आला होतात, नारळपाणी आणलं होतंत. इथल्याच एका दवाखान्यात झालं. मला जिना चढताना दम लागायचा, छातीत आवळल्यासारखं व्हायचं, मी म्हणायचे वय झालं. डॉक्टर म्हणाले वय नाही, झडप. काळजातून अंगभर रक्त जातं त्या दारावर एक झडप असते. विहिरीच्या मोटारीला फूटव्हॉल्व असतो ना, तसंच काम. क्षार बसून पाइपाचं तोंड आवळतं, मग मोटार कितीही घुमली तरी पाणी चुळकाभरच चढतं, आणि एक दिवस मोटार जळते. माझी झडप अशीच आवळली होती. ती कापून काढली, दुसरी बसवली.

ऑपरेशन झाल्यावर मी शुद्धीवर आले, चार घास खायला लागले, तेव्हा डॉक्टर माझ्या खाटेजवळ येऊन बसले. मला म्हणाले, आजी, जरा कान बघू. मी म्हटलं, छाती चिरलीत, आता कानात काय राहिलंय? त्यांनी माझा कान उन्हाकडं धरून बघितला, वाकवून बघितला. मग डोळ्याच्या पांढऱ्यातला तपकिरी ठिपका बघितला. मग सावकाश मला सांगितलं, की तुमची झडप काढली तेव्हा ती काळी होती. डांबर लावल्यासारखी काळी. इतकी वर्षं छात्या उघडतोय, अशी झडप फक्त पुस्तकात वाचली होती. आणि मग त्यांनी विचारलं, "तुम्ही तान्ह्या होतात तेव्हा तुमचे लंगोट काळे पडायचे का, कुणी सांगितलंय का कधी?"

मी हसले. मी म्हटलं, "डॉक्टर, काळे पडले तरी कळणार कसं? आमच्या घरात बाळाला पांढरं चालतच नाही."

आणि बोलता बोलताच माझं हसू विरलं. बघा, पासष्टीच्या घरात पोचल्यावर, नाकात नळी असताना, मला माझ्या माहेरची देवी कळली. पांढरं का नाही, साबण का नाही, गोठ्यामागं का, सगळं एका दमात कळलं. डॉक्टर म्हणाले, या आजारात बाळाची लघवी हवा लागली की काळी पडते, आणि साबण लागला तर जास्तच. आमच्या घरातल्या कुठल्या तरी बाईनं, मायच्या सासूनं असेल किंवा तिच्याही सासूनं, ते पहिल्यांदा बघितलं असणार. घाबरली असणार. लोक म्हणतील लेकराला करणी झाली, बाईला दोष आहे, हिला टाका. मग तिनं काय केलं? देवीला मधे घातलं. बाई हुशार होती. तिनं आपला संसार वाचवला. पण तिच्या त्या हुशारीनं आमच्या घरातल्या किती जणांचा जीव घेतला, हे मोजायला आज कुणी उरलेलं नाही.

आजाराचं नाव अल्काप्टोन्युरिया. माझ्या जिभेवर बसायला महिना लागला. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आलं तरच होतं, म्हणून माझ्या लेकरांना नाही, आणि आम्हा भावंडांना आहे. आपण जे खातो त्यातला एक भाग आमच्या अंगात पुरता जिरतच नाही. जन्मापासून तो साचत जातो. कानाच्या कुरकुरीत हाडात साचतो, मणक्यात साचतो, गुडघ्यात साचतो, आणि उतारवयात झडपेत. आमचा बाप पन्नाशीत वाकला होता. लोक म्हणायचे कष्टानं वाकला. कष्ट होतेच. पण नुसते कष्ट नव्हते.

आमचा मधला भाऊ कृष्णा तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. त्याचे कान निळसर होते. आम्ही लाडानं म्हणायचो, नाव कृष्ण ठेवलं म्हणून देवानं रंगही दिला. माय त्याच्या कानावरून बोट फिरवायची आणि त्याची टोपी खाली ओढायची. तिला ठाऊक होतं का? मला आता वाटतं होतं. कृष्णाला दम लागायचा, तो तंबाखूवर ढकलायचा. एका सकाळी बैलाला पाणी ठेवायला म्हणून बादली उचलली, आणि बादली खाली ठेवून शेजारी बसला. बसला तो उठलाच नाही. बैल त्याच्या डोक्यावरून मान काढून पाणी पीत होता. आम्ही म्हटलं अटॅक आला, म्हातारपणच ते. खरं तर साठीही झाली नव्हती त्याची. रडलो, तेरावा केला, फोटोला हार घातला. कुणाच्याही मनात आलं नाही, की या घरात आणखी दोन छात्या अशाच आवळत चालल्यात.

आता दादाच्या रुबाबाकडे वळते. गॉगल कशाला? डोळ्याच्या पांढऱ्यात काळे डाग आहेत म्हणून. फेटा कानावर का? कान निळे आहेत म्हणून. आणि तो चॉकलेटी सदरा. दादा, हे सांगते, रागावू नकोस, याच्याइतकी अभिमानाची गोष्ट मला तुझ्याबद्दल दुसरी ठाऊक नाही.

दादा सातवीला पैठणच्या शाळेत होता. पांढरा सदरा सक्तीचा होता. घाम आला की याच्या काखेत तपकिरी डाग पडायचे, माय धुवायची आणि ते आणखी गडद व्हायचे. पोरं याला 'दौत' म्हणायची. शाईची दौत. "दौत सांडली, दौत सांडली." हा घरी यायचा, सदरा काढून विहिरीत टाकायचा आणि सांगायचा वाऱ्यानं उडाला. माय गपगुमान दुसरा शिवायची. मोठा झाल्यावर यानं शाळा काढली, आणि गणवेश ठरवायच्या बैठकीत मंडळाची सगळी माणसं पांढरा म्हणत असताना हा एकटा चॉकलेटीवर अडून बसला. आज हजारो पोरं तो सदरा घालतात, आणि त्यातल्या एकालाही कुणी दौत म्हणत नाही. मघाशी गुरुजी दूरदृष्टी म्हणाले ते खोटं नाही. पण ती दृष्टी आली कुठून, ते आज मी सांगितलं. लपवायला शिकलेला माणूस दुसऱ्यालाही लपायला जागा करून देतो. माया आहे ती. पण मायेनंच घात होतोय, मंडळी.

काय आहे ते स्वरदा मॅडम? चिठ्ठी. 'वेळ संपली आहे, कृपया समारोप करावा.' अक्षर आमच्या इंद्रजीतचं आहे, दादाच्या लेकाचं. इंद्रजीत, वेळ संपत आली आहे हे मला तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, म्हणून तर बोलतेय. बस खाली, बाळा.

झेंड्याच्या दिवशी यानं डोळे मिटले ते देशप्रेमानं नाही. याला चक्कर आली होती. दोरी हातात होती म्हणून तोल सावरला. त्यानंतर इंद्रजीत याला पुण्याला घेऊन गेला. इथं नाही, इथं ओळखीचे लोक भेटतात. तिथं टू-डी इको काढला. झडप आवळलेली आहे, माझी होती त्याहून जास्त. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करून घ्या, नाही केलं तर पुढचा पोळा बघाल की नाही याची खात्री कुणी देणार नाही. हे इंद्रजीतला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि त्याला स्वतःला माहीत आहे. लक्ष्मीवहिनींना माहीत नाही. वहिनी, तुम्हाला हे असं एवढ्या लोकांत कळायला नको होतं. घरात सांगायची मला बंदी होती.

हो, बंदी होती. मी याच्या पाया पडले, म्हटलं दादा, माझे डॉक्टर आहेत, माझं झालं ना नीट, चल. यानं मला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि मला विचारलं, "तुझी झडप काळी निघाली म्हणतेस. माझीबी काळीच निघंल ना?"

मी म्हटलं, निघणारच.

मग हा म्हणाला, "चिरल्यावर काळं निघालं, आन् तिथल्या एखाद्या वॉर्डबॉयनं बाहेर जाऊन सांगितलं, तर लोक काय म्हणतील मनकर्णा? जन्मभर जे माझ्या वाइटावर हायेत, ते म्हणतात हा काळ्या काळजाचा हाय. मी डॉक्टरच्या हातानं त्यांना पुरावा देऊ व्हय?"

मंडळी, याला तुम्ही हसाल. मला हसू आलं नाही. मंडळाच्या निवडणुकीत भिंतीवर लिहिलेलं मी वाचलंय. 'वरून फेटा, आतून काळा.' या माणसानं जन्मभर राजकारण केलं, शाळा बांधल्या, कुणाकुणाला दुखावलं असेल, पण आपलं काळीज खरंच काळं आहे हे याला कळलं त्या दिवशी याला वाटलं, की ती भिंतीवरची माणसं खरं बोलत होती. म्हणून हा मरायला तयार झाला. ऑपरेशनला भ्यायला नाही हा. हा तुम्हाला भ्यायलाय. आणि मला म्हणाला, पोरींची लग्नं अडतील, घराण्याचं नाव जाईल, मायची शपथ घे, तोंडातून अक्षर काढणार नाहीस. मी शपथ घेतली. शपथ मोडली की ज्याची घेतली तो मरतो म्हणतात. माय तर कधीचीच गेली. आता माझ्या गप्प बसण्यानं मरायला राहिलाय तो दादा.

दादा, उठू नकोस.

अरे, धरा त्याला. इंद्रजीत, पाणी दे. हळूहळू. फेटा सैल कर त्याचा. अध्यक्षमहाराज, घाबरू नका, बसूनच राहा सगळे, गर्दी करू नका, वारा येऊ द्या. असंच होतं. रागानं उठला की असंच होतं, जिना चढला की असंच होतं. येईल दम.

आला? बरं.

बघितलंत मंडळी? मी भाषणात कितीही सांगितलं असतं तरी तुमच्या मनात आलं असतं, बाई वाढवून सांगतेय. आता मला सांगायचं काही उरलं नाही.

फेटा राहू दे, इंद्रजीत. परत बांधू नकोस. लोकांना बघू दे ते कान. निळे आहेत, आणखी काय? माझेही आहेत, मी पदराखाली झाकून आले होते, हा घ्या काढला पदर. शिकले-सवरलेले दीडदोनशे लोक बसलात तुम्ही इथं. मी तुम्हाला एकच विचारते, आणि उत्तर तुमच्यापाशीच ठेवा. हा माणूस काळ्या काळजाचा आहे का? ज्याच्या शाळेत तुमची पोरं शिकली, ज्याच्याशी तुम्ही भांडलात, ज्यानं तुमच्यातल्या कुणाला नोकरीला लावलं आणि कुणाला लावलं नाही, त्याच्या झडपेचा रंग आणि त्याच्या मनाचा रंग एकच असतो असं तुमच्यातल्या कुणाला वाटतं? वाटत असेल तर तो आत्ता उठून बाहेर जाऊ शकतो, जेवणाचं ताट त्याचं मी खाईन.

कुणी उठलं नाही. दादा, कुणी उठलं नाही रे. केशवराव तर डोळे पुसतायत, त्यांच्याशी तू किती वर्षं बोलत नव्हतास!

तिसऱ्या रांगेत निळ्या सदऱ्यातले एक गृहस्थ बसलेत. ते माझे डॉक्टर. मी बोलावलंय त्यांना. त्यांनी सोमवारी खाट राखून ठेवलीय. ते म्हणाले, आजी, धोका आहे, मी खोटी आशा देणार नाही, वय आहे, उशीर झालाय. टेबलावर काहीही होऊ शकतं. हे मी याच्यापासून लपवत नाही, तुमच्यापासूनही नाही. लपवालपवी आमच्या घरात फार झाली. पण न केलं तर काय होतं ते मी बघितलंय. बैल डोक्यावरून पाणी पितो.

दादा, आता तुझ्याशीच बोलते. तू नाही म्हणायचास ते एकाच कारणानं. लोकांना कळेल. आता कळलं. या हॉलमध्ये मोबाइल आहेत, संध्याकाळपर्यंत सोयगावलाही कळेल. तुझं कारण मी संपवलं. मुद्दाम संपवलं. दुसरं कारण असेल तर सांग, मी ऐकते.

तू माझं तोंड बघणार नाहीस हे मला ठाऊक आहे. शपथ मोडली, भर सभेत अब्रू काढली, धाकटी असून. या दिवाळीला मला बोलावणं येणार नाही, भाऊबीजेचं ताट माझ्या घरी तसंच राहील, हे मी काल पैठणहून एसटीत बसले तेव्हाच धरून चालले होते. चालेल मला. माहेर गेलं तर गेलं. पण माहेर नसलेली बहीण जगते रे, मी आजूबाजूला किती बघते. भाऊ नसलेली कशी जगते ते कृष्णा गेल्यापासून मला अर्धं कळलंय. उरलेलं अर्धं मला कळून घ्यायचं नाही.

सत्काराच्या वेळी सगळ्यांनी शाली दिल्या. माझा आहेर राहिला होता. हा सदरा आहे. पांढरा. पैठणच्या शिंप्याकडून शिवून आणलाय, तुझ्या मापाचा. दवाखान्यातून घरी येशील तेव्हा घाल. डाग पडतील, पडू देत. मी येऊन धुईन, तू दार उघडलंस तर. साबण लावून धुईन आणि पुढच्या अंगणात वाळत घालीन. आणि वहिनी, ते मलमलीचं झबलं कपाटातून काढा आज. सायलीच्या बाळाला घाला. पांढरं राहिलं तर देवीची ओटी भरू. काळं पडलं तरी भरू, कारण मग त्या लेकराला आत्तापासून सांभाळता येईल, डॉक्टर आहेत, औषधं आहेत. त्याला आमच्यासारखं पासष्टीत कळायला नको.

अध्यक्षमहाराज, तुम्ही मला थांबवलं नाहीत, तुमचे उपकार. स्वरदा मॅडम, तुमच्या कार्यक्रमाचा मी विचका केला, तरी चिठ्ठी दिल्यावर तुम्ही माइक बंद केला नाहीत, तो तुमचा मोठेपणा. जेवण रखडलं त्याबद्दल आचाऱ्याची माफी मागते. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर खेडवळ बाई म्हणून पोटात घाला. दादाची माफी मात्र मी आज मागत नाही. ती मी सोमवारनंतर मागीन, तो बरा झाल्यावर, त्याच्यासमोर उभी राहून, मग त्यानं दोन थोबाडीत मारल्या तरी बेहत्तर.

दादा, चल आता. लोक जेवायला खोळंबलेत. हळू उतर, मी खाली हात धरायला उभी राहते. मधल्या पायरीवर थांबावंसं वाटलं तर थांब. कुणाला हात करायची आता गरज नाही.